वीज प्रकल्प, गायरान आणि ग्रामसभा : ऊर्जेच्या निर्णयात वस्तीचा आवाज कसा नोंदवायचा?

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, परळी. महाराष्ट्राची वीज कोळशावर तयार होते ती ही ठिकाणे. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याच्या या पट्ट्यात बौद्ध समाजाच्या वस्त्या मोठ्या संख्येने आहेत. केंद्रात कंत्राटी कामाला जाणारे आपले लोक आहेत, राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्याला लागून आपली घरे आहेत. पण केंद्राचा विस्तार करायचा की नाही, राख कुठे टाकायची, विजेचा दर किती ठेवायचा, गावच्या गायरानावर सौर प्रकल्प आणायचा का, हे ठरते तेव्हा आपल्यातले किती जण तिथे असतात? फार थोडे. आणि जे असतात ते बहुधा घोषणा देत दाराबाहेर.

मोर्चाला आमचा विरोध नाही. मोर्चाशिवाय या देशात आपल्याला काहीही मिळालेले नाही. पण कायद्याने निर्णयाच्या आतही काही जागा ठेवल्या आहेत. तिथे बोललेले आणि लिहून दिलेले फाइलमध्ये राहते, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर तीच फाइल उघडली जाते. या लेखात आम्ही अशा तीन जागांची माहिती देत आहोत : पर्यावरणविषयक जनसुनावणी, ग्रामसभा व महसूल कार्यालय, आणि वीज नियामक आयोग. यांतली पहिली जागा कार्यकर्त्यांच्या सर्वांत ओळखीची आहे. अडचण अशी की कोळशाकडून सौरऊर्जेकडे जाताना नेमकी तीच जागा नाहीशी होते. सध्या भूमिहीन बौद्ध कुटुंबांना सर्वांत मोठा धोका तिथेच आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग गायरानावर खर्च केला आहे.

बाबासाहेब आणि वीज

ऊर्जा हा इंजिनिअर लोकांचा विषय, आपला नव्हे, असे मानणारे तरुण भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे व वीज यासंबंधीच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडणी केली. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवर साचलेले दारिद्र्य हटणार नाही, हा त्या मांडणीचा गाभा होता. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी, आणि खासगी असेल तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात, हे प्रश्न त्यांनी त्याच वेळी टेबलावर ठेवले. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांची पायाभरणीही याच काळातली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि जमीन या दोन्ही राज्याच्या मालकीच्या असाव्यात, असा प्रस्ताव मांडला.

बाबासाहेबांच्या जल आणि वीज धोरणावर आपल्याकडे जयंतीला व्याख्याने होतात. ती व्हायलाच हवीत. मात्र व्याख्यान ऐकून उठलेल्या माणसाला वीज आयोगाची जाहीर नोटीस कुठे लागते किंवा गावच्या अतिक्रमण नोंदवहीला काय म्हणतात हे ठाऊक नसेल, तर त्या धोरणाचा उपयोग भाषणापुरताच राहतो.

जनसुनावणी : मतदान नव्हे, नोंद

मोठा औष्णिक प्रकल्प, कोळसा खाण, सिमेंट कारखाना यांना केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्या प्रक्रियेत प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. नागपूरजवळ कोराडी येथे ६६० मेगावॅटचे आणखी २ संच उभारण्याच्या प्रस्तावावर २९ मे २०२३ रोजी अशीच सुनावणी झाली. त्याआधीच्या जुलैमध्ये, २०२२ साली, कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरले होते.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. वृत्तपत्र पोहोचत नसेल तिथे दवंडी किंवा आकाशवाणीचा मार्ग अधिसूचनेतच सांगितला आहे. आघात मूल्यांकनाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होते ते कार्यकर्त्यांना माहीत आहे : मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, आणि मराठी सारांश काही पानांचा, ज्यात राख आणि पाणी या विषयांवर मोजके परिच्छेद. म्हणून सारांशावर थांबू नये. इंग्रजी वाचू शकणाऱ्या २-३ तरुणांनी मूळ अहवालातील पाणी, हवा, राख आणि सामाजिक-आर्थिक स्थिती ही प्रकरणे वाटून घ्यावीत, आणि त्यातले गावाशी संबंधित मुद्दे विहारात बसून सगळ्यांना समजावून सांगावेत. एका रविवारचे काम आहे.

भाषेचा हा प्रश्न लहान नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आणला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करून देण्याचा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवण्याचा आदेश दिला होता. भाषांतर करण्याऐवजी केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या भाषेत लोक जगतात त्या भाषेत कागद देण्याची टाळाटाळ म्हणजे लोकांना निर्णयाबाहेर ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग, असे आमचे मत आहे.

सुनावणीत मतदान होत नाही. कोरमची अट नाही. म्हणजे हजार लोक विरोधात बोलले तरी प्रकल्प आपोआप थांबत नाही, आणि दहाच लोक आले तरी सुनावणी रद्द होत नाही. तिचे मोल नोंदीत आहे. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते. उपस्थितांची नोंद घ्यावी लागते. शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर अध्यक्षांची सही होते. लोक तोपर्यंत थांबत नाहीत, उन्हात तीन तास बसून कंटाळतात आणि निघून जातात. पण तोच क्षण महत्त्वाचा असतो. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे उभे राहून सांगा. उपस्थित प्रश्न आणि त्यावर कंपनीची उत्तरे यांचे निवेदनही तयार होते आणि ते ग्रामपंचायत व जिल्हा परिषद कार्यालयात लावायचे असते. तेही मागून घ्या.

तोंडी बोलण्याबरोबर लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. सुनावणीला न येणाराही लेखी म्हणणे पाठवू शकतो. मजुरी बुडवून येणे परवडत नाही अशा बायांसाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे.

काय बोलायचे, हा खरा प्रश्न. अनेक सुनावण्यांत वस्तीतले लोक उठतात आणि मागण्या मांडतात : पोरांना नोकरी द्या, स्मशानशेड बांधा, नाली करा. मागण्या रास्त आहेत. पण इतिवृत्तात त्यांची नोंद सहज ‘ग्रामस्थांनी रोजगाराच्या अपेक्षेने प्रकल्पाचे स्वागत केले’ अशी होऊ शकते. त्यापेक्षा प्रश्न विचारलेले बरे, आणि असे की ज्यांचे उत्तर कंपनीला द्यावेच लागेल. राख कोणत्या तळ्यात जाणार, ते तळे किती भरले आहे? वीज केंद्रांनी राखेचा १०० टक्के वापर करावा असे ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते, मग या केंद्राचा मागील वर्षांचा आकडा किती? पाण्याचे नमुने कोणत्या विहिरीतून घेतले, त्यात वस्तीची विहीर किंवा हातपंप होता का? हवा मोजण्याचे यंत्र कोणत्या दिशेला बसवले होते? राखेच्या गाड्यांचा रस्ता कोणत्या वस्तीतून जातो? अस्तित्वातील केंद्राच्या मंजुरीत कोणत्या अटी होत्या आणि त्या पाळल्या का? या शेवटच्या प्रश्नासाठी कागद मिळतो. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो.

एक इशारा. सुनावणी उधळून लावणे हा विजय वाटतो, पण लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी स्थानिक परिस्थिती नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जाण्याचा निर्णय घेता येईल अशी तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. खुर्च्या फेकण्याआधी हे कलम आठवावे.

आकड्यांत हरवणारे बौद्ध

मूल्यांकन अहवालात सामाजिक-आर्थिक स्थितीचे प्रकरण असते. त्यात प्रभावित गावांतील अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या जनगणनेतून उचलून दिलेली असते. इथे बौद्ध समाजाची एक खास अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५.३१ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद असलेले सुमारे ५२ लाख होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले असले, तरी प्रगणकासमोर धर्म ‘बौद्ध’ सांगून जातीचा रकाना रिकामा ठेवणारी कुटुंबे त्या आकड्यात येत नाहीत. मग अहवालात गावची अनुसूचित जातीची लोकसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, आणि ‘दुर्बल घटकांवरील परिणाम नगण्य’ असे वाक्य लिहिणे सोपे होते.

उपाय साधा आहे. वस्तीतील घरे मोजा. कुटुंबप्रमुख, माणसे, जमीन आहे की नाही, पाणी कुठून, दम्याचे किंवा त्वचेचे रुग्ण किती, एवढा तक्ता ग्रामपंचायतीच्या नोंदींशी पडताळून लेखी निवेदनाला जोडा. अहवालातील आकडा आणि तुमचा आकडा यांत फरक असेल तर तज्ज्ञ समितीपुढे तो मुद्दा जातो, कारण सुनावणीत आलेल्या आक्षेपांना अंतिम अहवालात उत्तर देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मोजणी करताना मांग, चांभार, पारधी, मुस्लिम शेजाऱ्यांची घरे सोडू नका. राख जात बघून उडत नाही, आणि एकट्या बौद्धवाड्याचा तक्ता कमकुवत पडतो.

सौर प्रकल्प आणि गायरान

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सौर प्रकाशविद्युत प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही. मंजुरी नाही म्हणून आघात मूल्यांकन नाही, आणि जनसुनावणीही नाही. वर सांगितलेली सगळी तयारी इथे निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबवला जात आहे. उपकेंद्रांच्या जवळ काही मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प उभारायचे, आणि त्यासाठी शासकीय जमीन नाममात्र भाड्याने द्यायची, अशी रचना आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला ३ वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. कोळशाच्या राखेत ज्यांची हयात गेली त्यांनी सौरऊर्जेला विरोध करण्याचे कारणही नाही.

प्रश्न जमिनीचा आहे. ‘शासकीय पडीक जमीन’ म्हणजे बहुतेक गावांत गायरान. आणि गायरान कागदावर रिकामे असले तरी जमिनीवर रिकामे नसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांतली मोठी मागणी पडीक जमिनी कसणाऱ्याच्या नावे करण्याची होती. मराठवाड्यात आणि विदर्भात हजारो दलित, बौद्ध, पारधी कुटुंबांनी गायरान वहितीखाली आणले. दगड वेचून, बांध घालून, ज्वारी-मूग पेरून. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. तरीही असंख्य कुटुंबांची प्रकरणे तहसीलमध्ये पडून राहिली. सातबारावर ‘सरकार’ आणि शेतात मात्र आपला माणूस, ही स्थिती आज तीन पिढ्यांनंतरही आहे.

त्यात भर न्यायालयीन निकालांची. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात अपवादही आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेनुसार जमीन दिली असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. निकालाचा पहिला भाग अधिकाऱ्यांना पाठ असतो. दुसरा भाग आपल्याला पाठ असायला हवा.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा इथे कामी येईल का, असे तरुण विचारतात. त्या कायद्यात ३ वर्षे त्या भागात शेतमजुरी करणारे भूमिहीनही ‘बाधित कुटुंब’ ठरतात आणि सामाजिक आघाताचा अभ्यास करावा लागतो. पण सरकारने स्वतःचीच जमीन प्रकल्पाला भाड्याने दिली तर संपादन होतच नाही, आणि तो कायदा लागू करून घेणे अवघड जाते. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडे सातबारा होता. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांना मोबदल्याच्या रांगेतही कुणी उभे करत नाही.

मग करायचे काय? कागद गोळा करणे, आणि प्रकल्पाचा फलक लागण्याआधी करणे. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. ती तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, असते. आपल्या कसणाऱ्यांची नावे तीत कोणत्या वर्षापासून आहेत ते पाहा आणि प्रमाणित प्रत काढा. अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या आजोबांच्या पेटीत असतात. त्या शिक्षेच्या पावत्या वाटत असल्या तरी ताब्याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे, त्या टाकून देऊ नका. जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, नियमितीकरणासाठी केलेल्या अर्जाची पोच, घर असेल तर घरपट्टी, आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे हेही उपयोगी पडते. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ‘भोगवटादार’ या दोघांनाही वीजजोडणी मागता येते. गायरानावरील घराला मीटर मिळाला तर त्याने मालकी मिळत नाही, पण तिथे कोण कधीपासून राहते याची दरमहा एक नोंद तयार होते.

नोंदवहीची प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून ‘गावातील सर्व माहिती’ मागू नका. तालुक्यातील कोणते गट क्रमांक सौर प्रकल्पासाठी प्रस्तावित आहेत, त्यांची यादी आणि स्थळपाहणीचा अहवाल, एवढेच मागा. स्थळपाहणीच्या अहवालात ‘जमीन रिक्त आहे’ असे लिहिले असेल आणि १-ई मध्ये तिथेच २० नावे असतील, तर शासनाचे दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. अशा प्रकरणात वकिलाला याहून चांगली सुरुवात मिळत नाही.

दुसरे काम ग्रामसभेचे. वर्षात किमान ४ ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ही महिला सभा बहुतेक गावांत फक्त रजिस्टरमध्ये होते. गायरानात शेळ्या चारणाऱ्या आणि सरपण आणणाऱ्या बायाच असतात, त्यामुळे तिथे मांडलेला ठराव वजनदार ठरतो. विषयपत्रिकेत मुद्दा यावा म्हणून आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठरावात ‘प्रकल्पास विरोध’ एवढेच लिहून थांबू नये. गट क्रमांक, कसणाऱ्या कुटुंबांची नावे, प्रलंबित नियमितीकरण प्रकरणांचा उल्लेख, आणि पर्यायी जागा सुचवता येत असेल तर तिचा गट क्रमांक, हे सगळे त्यात असावे.

पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राबाहेर ग्रामसभेला नियमगिरीसारखा निर्णायक अधिकार नाही, हे लक्षात ठेवावे. ओडिशात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली, ती वनहक्क कायद्याच्या आधारावर. गायरानाच्या वाटपाचा निर्णय शेवटी जिल्हाधिकारी घेतात, म्हणून ठरावाची प्रत त्यांच्या कार्यालयात पोचवून पोच घेतली नाही तर ठराव गावातच राहतो. गावातील वनजमीन कसणाऱ्या बौद्ध कुटुंबांना वनहक्क कायद्याखाली ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करता येतो, पण १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ३ पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही अट जाचक आहे आणि तिच्यामुळे आपले कित्येक दावे फेटाळले जातात.

गावातले राजकारणही इथे येते. ५ लाख रुपये ग्रामपंचायतीला मिळतात, कसणाऱ्याला नव्हे. सरपंच, ठेकेदार आणि दिवसा वीज हवी असलेले बागायतदार एका बाजूला आणि गायरानधारक दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी लगेच होते, आणि तिला जातीचा रंग चढायला वेळ लागत नाही. लहान शेतकऱ्यांशी आधीच बोलणे ठेवावे. त्यांनाही दिवसा वीज हवी आहे, पण ती गायरानाच्याच एका विशिष्ट तुकड्यावरून आली पाहिजे असा त्यांचा हट्ट नसतो.

वीज आयोगासमोर

तिसरी जागा मुंबईत आहे, म्हणून ती सर्वांत परकी वाटते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. वीज कंपनीला दर बदलायचा असेल तर आयोगाकडे याचिका करावी लागते. ती जाहीर होते आणि वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेतल्यावरच आयोग आदेश देतो. हरकत कोणीही वीजग्राहक पाठवू शकतो. ग्राहकांच्या वतीने बाजू मांडण्यासाठी आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थेने या सुनावण्यांत आकडेवारीनिशी वर्षानुवर्षे काम केले आहे, ते अभ्यासावे. उद्योगांच्या संघटना प्रत्येक सुनावणीला वकील घेऊन हजर असतात. वस्तीतील एक बल्ब आणि एक पंखा वापरणाऱ्याची बाजू मांडायला कुणी नसते.

मांडण्यासारखे बरेच आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा स्वस्त दर वापराच्या ठरावीक मर्यादेशी बांधलेला आहे. विदर्भाच्या मे महिन्यात एक पंखा आणि कूलर लावणारे कुटुंब ही मर्यादा सहज ओलांडते, मग त्याच्या बिलात काय फरक पडतो ते तुमच्या वस्तीतील १० बिले जोडून दाखवता येईल. वीज न वापरताही भरावा लागणारा स्थिर आकार हा दुसरा मुद्दा. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती न देता वस्त्यांत सरसकट तोडणी होत असेल, तर तारखांसह यादी द्यावी.

२०२१ मध्ये महावितरणने १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना ५०० रुपये अनामत, तीही ५ हप्त्यांत भरून घरगुती जोडणी मिळत होती. योजना चांगली होती. पण जोडणी मिळाल्यावर बिल परवडते का, हा प्रश्न योजनेने सुटत नाही. तो दराच्या आदेशात सुटतो, आणि तो आदेश घडतो तिथे आपण नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांचा एक गट केवळ आयोगाच्या नोटिसांवर लक्ष ठेवण्यासाठी असावा, असे आम्हाला वाटते. वाणिज्य आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपल्या वसतिगृहांत भरपूर आहेत.

मुदती

हक्क जितक्या वेळा पुराव्याअभावी बुडतात, तितक्याच वेळा तारखेअभावी बुडतात. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचे तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क १००० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे. वीज आयोगाच्या आदेशाविरुद्ध दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाण्यासाठी ४५ दिवस असतात. मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीला स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला मिळते. ती प्रत आली का, हे दर सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन विचारणारा एक माणूस प्रत्येक गावात ठरवून घ्या, आणि प्रत हाती आली की तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या.